तारेचे अर्धे काम

इतिहास म्हटला की राजवंश, लढाया आणि तहनामे ह्यांचेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु माणसाच्या अगदी नित्याच्या व्यवहारांनाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा तहनाम्यांइतकाच बोधप्रद असतो. वाकडे दात सरळ करण्याच्या विद्येचा इतिहास हा असाच एक दुर्लक्षित इतिहास आहे. परप्रांतातील आपल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसादाची वाटी पुढे आली असता, ‘मला खोबऱ्याचा तुकडा नको, दातांना तारा आहेत,’ असे म्हणणारे एखादे तरी मूल आता हटकून भेटते. त्याच्या आईवडिलांची समजूत बहुधा अशी असते की, दात दंतवैद्य सरळ करतो, तार त्याचे साधन आहे, आणि आपले कर्तव्य मुलाला वेळेवर दवाखान्यात नेण्याचे व बिल चुकविण्याचे. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासण्यासाठी ह्या विद्येचा मागोवा घेणे उपयुक्त ठरेल.

ह्या विषयाकडे मी वळलो तो काही विद्वत्तेच्या ओढीने वळलो नाही. शाळेत असताना माझ्या दातांना दोन वर्षे तारा होत्या. त्या निघाल्या, दात रांगेत आले, आणि रात्री घालून निजण्यासाठी एक प्लेट मला मिळाली. पुढे केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त मी दिल्लीस आलो, तेव्हा ती प्लेट घरच्या कपाटात राहिली. टपालाने मागविता आली असती. मी मागविली नाही. दहा वर्षांनी एका सकाळी आरशात नीट पाहिले तेव्हा खालचे पटाशीचे दात पुन्हा एकमेकांच्या खांद्यावर चढू लागलेले दिसले. दोन वर्षांचे ते कष्ट, वडिलांनी पगारातून बाजूला काढलेले ते पैसे, हे सारे कोणाच्या हातून वाया गेले, हा प्रश्न त्या दिवशी माझ्यापुढे उभा राहिला. वैद्याने तर आपले काम चोख केले होते.

ह्या विद्येची सुरुवात तारेपासून होत नाही, बोटापासून होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्सस नावाचा एक ग्रंथकार होऊन गेला. त्याच्या वैद्यकविषयक ग्रंथात एक लहानशी सूचना आहे. मुलाचा दुधाचा दात पडण्यापूर्वीच त्याच्यामागून कायमचा दात आडवा येऊ लागला, तर दुधाचा दात काढावा आणि नवा दात रोज बोटाने त्याच्या योग्य जागेकडे ढकलावा. पूर्ण वाढ होईपर्यंत हे चालू ठेवावे. उपकरण नाही, धातू नाही, केवळ एक बोट आणि नित्याचा नेम. दात ही दगडात रोवलेली खुंटी नसून सौम्य आणि सतत दाब दिल्यास ती हलते, हे तत्त्व त्या सूचनेत आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हा दाब देण्याचे काम वैद्याकडे नव्हते, ते घरच्यांकडे होते. दात सरळ होण्याचे श्रेय त्या काळी रोजच्या रोज ढकलणाऱ्या हाताचे होते.

ह्यानंतर सुमारे सोळा शतके ओलांडून आपण पॅरिसमध्ये येतो. तेथे १७२८ मध्ये प्येर फोशार ह्या शल्यवैद्याने दंतचिकित्सेवरील आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतात ते ह्याच ग्रंथामुळे. दात किडतात ते किड्यामुळे, ही त्या काळी युरोपभर रूढ असलेली कल्पना त्याने सूक्ष्मदर्शक लावून तपासली आणि असा किडा काही आपणांस दिसला नाही, असे सांगून टाकले. गोड पदार्थ दातांचे शत्रू होत, असेही त्याने बजावले. वाकड्या दातांसाठी त्याने सोन्याची किंवा चांदीची एक अरुंद पट्टी योजिली. तिला भोके पाडून, दातांच्या रांगेशी जुळेल अशी वाकवून, तो ती दोऱ्याने दातांस बांधी. पट्टी ताठ, दात वाकडा. दोऱ्याच्या ओढीने दात हळूहळू पट्टीकडे सरके. आजच्या तारेचे मूळ ह्या पट्टीत आहे. पुढे १७५७ मध्ये बुर्दे नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच दंतवैद्याने ह्या पट्टीत सुधारणा केली.

तोंडात सतत बांधलेली पट्टी आणि लाळेने भिजलेला दोरा ह्यांच्या भोवती अन्न किती साचत असेल, ह्याची कल्पना करणे कठीण नाही. दात स्वच्छ करण्यास फोशार घोड्याच्या केसांचा कुंचला पसंत करीत नसे. ओला स्पंज त्याला अधिक मानवे. म्हणजे उपकरणाने प्रगती केली होती, परंतु उपकरणाभोवतीची निगा अजून स्पंजापाशीच थांबलेली होती. हे अंतर पुढे दीडदोनशे वर्षे टिकून राहिले.

दात हलतो तो का, ह्याचा उलगडा व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले. १९०४-०५ च्या सुमारास सांडस्टेट नावाच्या स्वीडिश संशोधकाने कुत्र्यांच्या दातांवर उपकरणे बसवून त्यांच्या जबड्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ज्या बाजूला दात दाबला जातो त्या बाजूचे हाड झिजते आणि ज्या बाजूस ताण पडतो तेथे नवे हाड भरते, असे त्याला दिसले. दात हाडातून वाट काढीत जातो, आणि त्याच्या मागे वाट बुजत जाते. दाब फाजील झाला तर मुळाभोवतीच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि दाताची वाटचाल उलट थांबते. १९३२ मध्ये श्वार्त्स ह्या ऑस्ट्रियन संशोधकाने योग्य दाब किती हे सांगताना ह्याच रक्तवाहिन्यांतील दाबाचे प्रमाण धरले. तात्पर्य असे की, ह्या कामात बळाला फारसे महत्त्व नाही, सातत्याला आहे. सेल्ससला हे ठाऊक नव्हते. पण त्याचे बोट नकळत ह्याच नियमाने चालत होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या विद्येचे केंद्र अमेरिकेत सरकले. नॉर्मन किंग्स्ली ह्याने डोक्यामागे पट्टे बांधून त्यांच्या आधाराने वरचे दात मागे खेचण्याची युक्ती योजिली आणि १८८० मध्ये मुखाच्या व्यंगांवर एक भरदार ग्रंथ लिहिला. १८९३ च्या सुमारास बेकर ह्याने वरच्या व खालच्या जबड्यांमध्ये रबराची लहान वेटोळी ताणून बसविण्याची पद्धत रूढ केली. ह्या दोन साधनांनी वैद्य आणि रोगी ह्यांच्यातील नाते पालटले. घट्ट बांधलेली पट्टी रोग्याच्या इच्छेविरुद्धही काम करीत राहते. रबर आणि डोक्यावरचा पट्टा मात्र रोग्याने स्वतः रोज चढवावे लागतात. वैद्य पाठमोरा झाला की ते काढून ठेवणे हे कोणत्याही चौदा वर्षांच्या मुलाला सहज साधते. आजही तारांच्या जोडीला दिलेली ती इवलीशी रबरे मुलाने दिवसभर घातली की दवाखान्यात शिरताना जिन्यात घातली, हे अनुभवी वैद्य दातांच्या चालीवरून ओळखतो.

ह्या शास्त्राला स्वतंत्र शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली ती एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) ह्याने. १८९९ मध्ये त्याने दातांच्या वाकडेपणाचे तीन वर्ग पाडले, आणि ते पाडताना पहिली कायमची दाढ ही खूण मानली. आजही कोणत्याही दवाखान्यातील टिपणात हेच वर्ग लिहिले जातात. १९०० मध्ये त्याने सेंट लुई येथे ह्या एकाच विषयाचे विद्यालय काढले. उपकरणांमागून उपकरणे त्याने रचली. शेवटचे १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले, ते चौकोनी खाच असलेले ब्रॅकेट आणि तीत अचूक बसणारी चौकोनी तार. ह्या रचनेमुळे दात केवळ पुढेमागे सरकविण्यापुरते वैद्याचे काम उरले नाही. मुळासकट तो हव्या त्या कलाने फिरविता येऊ लागला. आज आपल्या मुलांच्या दातांवर दिसणारी चौकट ही मूलतः अँगलचीच आहे.

अँगलचा एक आग्रह मात्र टिकला नाही. निसर्गाने दिलेला एकही दात काढू नये. सारे दात सामावतील एवढी कमान रुंद करावी, असे तो म्हणे. त्याचाच शिष्य चार्ल्स ट्वीड ह्याने हा आग्रह निष्ठेने पाळला. परंतु काही वर्षांनी आपलेच जुने रोगी तपासले असता अनेकांचे दात पुन्हा पुढे आलेले त्याला दिसले. त्याने अशा रोग्यांच्या चार उपदाढा काढून त्यांच्यावर पुन्हा विनामूल्य उपचार केले आणि १९४० च्या सुमारास ते जाहीरपणे मांडले. गुरूच्या सिद्धान्तापेक्षा रोग्याच्या तोंडातील पुरावा त्याने श्रेष्ठ मानला. अँगलचाच दुसरा शिष्य रेमंड बेग हा ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे राहून वेगळ्याच वाटेने ह्याच निष्कर्षाला आला. तेथील आदिवासींच्या प्राचीन कवट्यांत भरड, वाळूमिश्रित अन्नाने दात चोहोबाजूंनी झिजलेले त्याला आढळले. झिजल्यामुळे दातांना जागा मिळे. आपले अन्न मऊ झाले, झीज थांबली, जागा मात्र अपुरी पडली, असे त्याने प्रतिपादिले. विल्कॉक नावाच्या धातुतज्ज्ञाने त्याच्यासाठी तयार केलेल्या चिवट, बारीक पोलादी तारेवर त्याने १९५६ मध्ये आपली हलक्या दाबाची पद्धत उभारली. भारतातील दंतमहाविद्यालयांतून ही पद्धत पुष्कळ वर्षे शिकविली गेली.

आपल्याकडे पाश्चात्त्य दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद ह्यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास सुरू केले. मुंबईच्या नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ चे. १९४८ मध्ये दंतवैद्यांचा कायदा झाला, आणि १९६५ मध्ये दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. एके काळी मोठ्या शहरांपुरती मर्यादित असलेली ही चिकित्सा आज जिल्ह्याच्या गावीही मिळू लागली आहे.

येथवर तारेचा इतिहास झाला. परंतु ह्या कथेचा दुसरा धागा स्वच्छतेचा आहे, आणि तो अधिक जुना आहे. सुश्रुतसंहितेत दातवणाचे सविस्तर वर्णन आहे. ते बारा अंगुळे लांब व करंगळीएवढे जाड असावे. कडू झाडांत निंब, तुरटांत खैर, गोड चवीच्यांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ, असे त्यात सांगितले आहे. आपल्या आजोबांच्या पिढीची बाभळीची काडी आणि राखुंडी ही त्याच परंपरेची अखेरची कडी होय. ती परंपरा दात घासणे हा दिनचर्येचा भाग मानी, ही तिची मोठी शिकवण. कोणाच्या सांगण्यावाचून, स्नानाइतक्याच सहजतेने ते घडे.

दातांवर नेमके काय साचते, हे मात्र प्रथम पाहिले ते डेल्फ्ट येथील कापडाचा व्यापारी लेवेनहूक ह्याने. १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, आपण रोज मिठाने दात घासतो, पिसाच्या काडीने फटी साफ करतो, फडक्याने पुसतो. तरीही दातांच्या मधे पिठल्यासारखा पांढरा लेप राहतो. तो लेप आपल्या भिंगाखाली धरताच त्याला त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले. जगातील जंतूंच्या पहिल्या दर्शनांपैकी एक असे माणसाच्या दातांमधून घडले. ह्या जंतूंचा आणि किडीचा संबंध जोडण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. बर्लिन येथे काम करणाऱ्या मिलर ह्या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये दाखवून दिले की, तोंडातील जंतू साखर व पिष्ट आंबवून आम्ल निर्माण करतात आणि ते आम्ल दात पोखरते. १९४० नंतरच्या दशकात स्टीफन ह्याने त्याचे मोजमाप केले. साखरेच्या पाण्याने चूळ भरताच काही मिनिटांत दातांवरील थराची आम्लता धोक्याच्या रेषेपलीकडे जाते, आणि लाळेने ती पूर्ववत होण्यास अर्धा तास ते एक तास लागतो. म्हणजे दिवसातून किती साखर खाल्ली ह्यापेक्षा किती वेळा खाल्ली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा.

ह्या दोन्ही धाग्यांची गाठ १९५५ मध्ये एका विलक्षण रीतीने पडली. त्यापूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे ठोकून बसवावे लागे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील ब्यूनोकोर ह्याने पाहिले की, कारखान्यात रंग चांगला धरावा म्हणून धातूवर फॉस्फोरिक आम्ल लावतात. तेच त्याने अर्धा मिनिट दाताच्या दंतवल्कावर लावले. पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात खरखरीत झाला आणि त्यावर प्लॅस्टिक घट्ट चिकटून बसले. दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, न्यूमन ह्याने ब्रॅकेट थेट दातावर चिकटविण्याची रीत सांगितली. कडी गेली, आणि आजच्या नाजूक ब्रॅकेटांचे युग आले. ज्या आम्लाने दंतवल्क झिजते, त्याच गुणाचा उपयोग करून वैद्य ब्रॅकेट बसवितो. आणि ब्रॅकेटच्या कडेला साचलेला लेप तेच काम वैद्याच्या नकळत पुढे चालू ठेवतो. वैद्याचे आम्ल अर्ध्या मिनिटात धुतले जाते. जंतूंचे आम्ल आपण धुतले तरच जाते.

ते न धुतल्यास काय होते, हे तारा काढल्या त्या दिवशी कळते. दात रांगेत असतात, पण प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या जागेभोवती खडूसारखी पांढरी चौकट उमटलेली असते. तो किडीचा पहिला टप्पा. १९८८ मध्ये नॉर्वेतील संशोधकांनी दाखविले की, स्वच्छतेस अडथळा आल्यास असा डाग अवघ्या चार आठवड्यांत दिसू लागतो. चार आठवडे म्हणजे दवाखान्याच्या दोन फेऱ्यांमधले अंतर. एवढ्या काळात वैद्य मुलाचे तोंड पाहतही नाही. त्या चार आठवड्यांचा पहारा घरातच व्हावयास हवा.

हा पहारा म्हणजे काही अवघड विद्या नाही. प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रश ब्रॅकेटच्या वरून व खालून, दोन्हीकडून तिरपा फिरवावा. तारेखालच्या फटीसाठी बारीक बाटली धुण्याच्या ब्रशासारखा दिसणारा इवलासा ब्रश मिळतो, तो रोज एकदा प्रत्येक फटीतून घालावा. फ्लोराइड असलेली टूथपेस्ट वापरावी, कारण आम्लाने पोखरलेले दंतवल्क पुन्हा घट्ट होण्यास फ्लोराइड साहाय्य करते. भरड राखुंडी किंवा कोळशाची पूड ह्या काळात टाळावी. तिचे कण ब्रॅकेटभोवती अडकतात आणि दंतवल्कावर ओरखडे पाडतात. शाळेत किंवा प्रवासात ब्रश जवळ नसेल तर निदान चार खळखळून चुळा भराव्या.

आपल्या स्वयंपाकघराचीही थोडी फेररचना करावी लागते. चिक्की, कडक बुंदीचा लाडू, भाजलेले फुटाणे, सुपारी आणि दाताने सोलून खाल्लेला ऊस हे ब्रॅकेटचे उघड वैरी. तिळगुळाची वडी मऊ गुळाची करावी. चकली आमटीत भिजवून खाण्यात कमीपणा नाही. पेरू, सफरचंद, गाजर ह्यांच्या चकत्या कराव्या. मक्याचे कणीस कुरतडण्याऐवजी दाणे काढून खावे. हळदीचा पिवळा रंग ब्रॅकेटवरच्या रबरी वेटोळ्यांना लागतो; त्याने दाताचे काही बिघडत नाही, वेटोळी पुढच्या फेरीत बदलली जातात. लेखणी चावण्याची आम्हा कारकुनांची सवय मात्र मुलांना लागली असेल तर ती मोडावी. तारेचे टोक गालाला टोचू लागल्यास दवाखान्यातून मिळालेले मेण त्यावर बसवावे, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्या, आणि वैद्यास कळवावे. घरच्या पकडीने तार कापू नये. सुटलेल्या प्रत्येक ब्रॅकेटमागे त्या दाताचा प्रवास तेवढे आठवडे थांबतो, हे ध्यानात ठेवणे इष्ट.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ह्या कथेला अनपेक्षित वळण लागले. १९४५ मध्येच केस्लिंग नावाच्या अमेरिकन वैद्याने, उपचाराच्या शेवटी दातांची किरकोळ हालचाल करण्यासाठी रबराचा एक साचा तयार केला होता आणि अशा साच्यांच्या मालिकेने मोठी हालचालही साधेल, असे भाकीत केले होते. हाताने शेकडो साचे घडविणे अशक्य असल्याने ते पन्नास वर्षे तसेच पडून राहिले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील झिया चिश्ती ह्या विद्यार्थ्याने प्रौढ वयात तारा लावून घेतल्या होत्या. त्या निघाल्यावर मिळालेली पारदर्शक प्लेट काही दिवस घातली नाही की दात सरकतात आणि पुन्हा घातली की जागेवर येतात, हे त्याच्या लक्षात आले. मग संगणकावर दातांचा नकाशा करून थोड्याथोड्या फरकाचे साचे का काढू नयेत, असे त्याच्या मनात आले. केल्सी वर्थ हिच्यासह त्याने १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात ‘अलाइन टेक्नॉलॉजी’ ही कंपनी काढली, आणि पुढच्याच वर्षी ‘इन्व्हिजलाइन’ ह्या पारदर्शक साच्यांना अमेरिकी शासनाची अनुमती मिळाली. प्रत्येक साचा दाताला सुमारे पाव मिलिमीटर सरकवितो. आठवड्या-पंधरवड्याने पुढचा साचा घ्यावयाचा.

तार दिसत नाही, खाण्याचे पथ्य नाही, म्हणून प्रौढांना ही पद्धत सोयीची वाटते. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहता तिने सारा भार पुन्हा रोग्याच्या हातात दिला आहे. तार चोवीस तास काम करते. साचा तोंडात असेल तेवढाच वेळ काम करतो. दिवसाचे वीस ते बावीस तास तो तोंडात हवा. बावीस तासांचा हिशेब आपल्यासारख्यांनी मांडून पाहावा. उरले दोन तास. न्याहारीस वीस मिनिटे, दुपारच्या डब्यास अर्धा तास, रात्रीच्या जेवणास पाऊण तास, आणि ह्या तिन्ही वेळी दात घासण्यास मिळून पंधरा मिनिटे. राहिली दहा मिनिटे, आणि ती कचेरीतील चहाच्या एका पेल्यापुरती आहेत. चहा साचा घालूनच प्यावा, हा मोह टाळावा. गरम पेयाने प्लॅस्टिक वाकते, चहाने त्यावर डाग पडतात, आणि साखर साच्याखाली कोंडली गेल्याने लाळ तिच्यापर्यंत पोहोचत नाही. स्टीफनने मोजलेला तो अर्धा-पाऊण तास मग कितीतरी लांबतो. साचा घालून प्यावे ते साधे पाणीच.

साचा काढला की थंड पाण्याने खळबळावा, मऊ ब्रश व सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवावा. उकळते पाणी आणि खरखरीत टूथपेस्ट दोन्ही वर्ज्य. जेवताना तो कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवू नये. असे कागद उष्ट्याबरोबर टोपलीत जातात आणि साचाही त्यांच्यासह जातो. त्याची डबी सतत जवळ बाळगावी. अगोदरचा साचा टाकून देऊ नये. चालू साचा हरवला किंवा फुटला तर वैद्याचा सल्ला मिळेपर्यंत दात जागेवर राखण्यास तो उपयोगी पडतो.

तारा असोत की साचे, उपचाराचा शेवट हा खरा शेवट नव्हे, ह्याबद्दल शास्त्रात आता दुमत नाही. १९१९ मध्ये हॉली ह्याने टाळूवर बसणारी प्लेट आणि दातांपुढून जाणारी तार असे साधे उपकरण दिले. माझ्या कपाटात राहिलेली प्लेट त्याच जातीची. ती कशासाठी, हे नॉर्वेच्या रायटान ह्याने १९५९ मध्ये समजाविले. दात फिरविल्यावर हाड भरून येते, परंतु हिरडीतील तंतू कित्येक महिने ताणलेलेच राहतात आणि दाताला मागे ओढीत असतात. वॉशिंग्टन विद्यापीठातील लिटल व त्यांच्या सहकाऱ्यांनी, प्लेट सोडून दहा वर्षे झालेल्या रोग्यांचे खालचे दात तपासले आणि १९८१ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. समाधानकारक रांग टिकली होती ती तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जणांची. तो निष्कर्ष वाचताना माझ्या आरशातील त्या सकाळचा मला उलगडा झाला. माझे उदाहरण अपवादात्मक नव्हते, ते सर्वसामान्य होते. आज वैद्य सांगतात की, दात सरळ ठेवावयाचे असतील तोवर रात्री प्लेट घालावी.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना येथे एक विशेष सावधगिरी बाळगावी लागते. उपचार दीड-दोन वर्षांचा असतो; बदलीचा हुकूम त्याची वाट पाहत नाही. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाची बदली ईशान्येकडे झाली, तेव्हा मुलीच्या तारा तशाच राहिल्या. नवा वैद्य गाठण्यास सात महिने गेले. जुन्या उपचाराचा कागद नव्हता, रबरे संपली होती, आणि अखेर तारा निघाल्या तेव्हा पुढच्या चार दातांवर त्या पांढऱ्या चौकटी कायमच्या उमटलेल्या होत्या. मुलगी हसताना अजून ओठ मिटून घेते. कचेरीत आपण कार्यभार सोपविल्यावाचून खुर्ची सोडत नाही. मुलाच्या दातांचाही कार्यभार तसाच रीतसर सोपवावा. दातांचे ठसे, क्ष-किरण चित्रे, छायाचित्रे, उपचाराची योजना, काढलेल्या दातांची नोंद, आणि ब्रॅकेटच्या खाचेचे माप जुन्या वैद्याकडून मागून घ्यावे. हे माप दोन प्रकारचे असते, आणि ते ठाऊक नसेल तर नव्या वैद्यास तार निवडता येत नाही. साच्यांचा उपचार असेल तर संगणकातील योजना आणि उरलेले साचे ताब्यात घ्यावे. नव्या गावी घर शोधण्याआधी नव्या वैद्याची वेळ ठरवावी.

सेल्ससचे बोट, फोशारचा दोरा, बेकरचे रबर, अँगलची चौकोनी तार आणि चिश्तीचा साचा अशी ही परंपरा पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. उपकरणे सुधारली, दाब अचूक झाला, वेदना कमी झाल्या. परंतु दात सरळ करण्याचे अर्धे काम तारेचे आणि अर्धे घरच्या हाताचे, ही वाटणी कोणत्याही शोधाने बदललेली नाही. पहिले अर्धे पैशाने विकत मिळते. दुसरे मिळत नाही.

गेल्या वर्षापासून माझ्या खालच्या दातांवर पुन्हा उपचार चालू आहेत. ह्या खेपेस साचे आहेत. साच्याची डबी कचेरीच्या खणात शिक्क्याच्या गादीशेजारी असते. दुपारी चार वाजता चहावाला येतो तेव्हा शेजारचे सहकारी माझ्याकडे पाहून हसतात, कारण माझा पेला मी आता सकाळीच संपविलेला असतो. वडिलांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ती जुनी प्लेट कपाटात आहे अजून. तुझ्या आईने जपून ठेवली आहे.’